वाचकांचे प्रश्न : चढावरून समांतर आणि लंब रेषा ओळखताना

निर्देशक भूमितीतल्या एकाच विषयावरचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बिंदू लिहिताना कंसात आधी क्ष-निर्देशक आणि मग य-निर्देशक दिला आहे. ‘आडवा फरक’ म्हणजे दोन क्ष-निर्देशकांमधला फरक आणि ‘उभा फरक’ म्हणजे दोन य-निर्देशकांमधला फरक. रेषेचा ‘चढ’ म्हणजे तिच्यावरच्या दोन बिंदूंमधला उभा फरक भागिले आडवा फरक.

प्रश्न : (−३, ४) आणि (५, −२) या बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ मला एकदा −३ आला आणि एकदा ३/४. यातलं बरोबर कोणतं?

उत्तर : दोन्ही चूक आहेत. चढ −३/४ आहे. तुमच्या दोन उत्तरांत दोन वेगळ्या चुका आहेत आणि दोन्ही सर्रास होतात, म्हणून सविस्तर पाहू.

उभा फरक −२ − ४ = −६. आडवा फरक ५ − (−३) = ८. भागाकार −६/८, म्हणजे −३/४. पहिल्या वेळी तुम्ही ५ मधून −३ वजा करताना कंस गाळला, ५ − ३ = २ केलं आणि −६/२ = −३ लिहिलं. दुसऱ्या वेळी य-निर्देशक ‘दुसरा वजा पहिला’ असे घेतले आणि क्ष-निर्देशक ‘पहिला वजा दुसरा’ असे. त्यामुळे −६/−८ आलं आणि चिन्ह उलटं झालं. कोणत्या बिंदूपासून सुरुवात करायची ते तुमच्या मर्जीवर आहे, पण वरखाली दोन्हीकडे क्रम एकच हवा.

सवय अशी लावा. दोन्ही बिंदू एकाखाली एक लिहा, ऋण संख्येला कंस घाला आणि दोन्ही स्तंभांत खालच्यातून वरची संख्या वजा करा. उत्तर आल्यावर कच्ची आकृती काढून डोळ्यांनी पडताळा. ही रेषा डावीकडून उजवीकडे जाताना ८ घरांत ६ घरं उतरते. उतरते म्हणजे चढ ऋण, आणि ६ हे ८ पेक्षा कमी म्हणजे चिन्ह सोडून चढ १ पेक्षा लहान. एवढ्या नजरेत तुमची दोन्ही उत्तरं बाद होतात.

प्रश्न : अ(१, २), ब(३, ६) आणि क(५, १०), ड(७, १४). अब आणि कड या दोन्ही रेषांचा चढ २ आला म्हणून ‘समांतर’ लिहिलं, तर उत्तर चूक ठरलं. का?

उत्तर : कारण त्या दोन रेषा नाहीतच, एकच रेषा आहे. समान चढ म्हणजे समान दिशा. दिशा सारखी असलेल्या दोन रेषा एकमेकींपासून दूर असतील तर समांतर, आणि एकमेकींवर पडत असतील तर एकच. चढ समान आल्यावर आणखी एक पायरी लागते : पहिल्या रेषेवरचा एक बिंदू आणि दुसरीवरचा एक बिंदू घेऊन त्यांना जोडणाऱ्या रेषेचा चढ काढायचा. इथे बक चा चढ (१० − ६)/(५ − ३) = २. तोही तोच, म्हणजे चारही बिंदू एकरेषीय.

आता क ऐवजी (५, ७) आणि ड ऐवजी (७, ११) घ्या. कड चा चढ २ च राहतो, पण बक चा चढ (७ − ६)/(५ − ३) = १/२ येतो. या रेषा खऱ्या समांतर. समीकरणं दिली असतील तर हे काम आणखी सोपं : य = २क्ष + १ आणि य = २क्ष + ४ यांत चढ सारखा, स्थिरपद वेगळं, म्हणून समांतर.

प्रश्न : लंब रेषांच्या चढांचा गुणाकार −१ असतो हे पाठ आहे. पण −१ च का? नुसतं १ का नाही?

उत्तर : हा प्रश्न विचारलात हे फार चांगलं झालं. नियम नुसता पाठ असला की परीक्षेच्या घाईत त्यातला अर्धा भाग गळून पडतो, आणि कोणता अर्धा गळला ते कळतही नाही.

आलेख कागदावर आरंभबिंदूपासून ४ घरं उजवीकडे आणि ३ घरं वर असा बिंदू घ्या, (४, ३). आरंभबिंदूपासून तिथवर रेषा ओढा. तिचा चढ ३/४. या रेषेखाली पाया ४ आणि उंची ३ असा काटकोन त्रिकोण तयार होतो. तो ट्रेसिंग पेपरवर गिरवा, आलेख कागद जागेवर ठेवून आरंभबिंदूवर टाचणी टोचा आणि ट्रेसिंग पेपर घड्याळाच्या उलट दिशेनं बरोबर पाव फेरा फिरवा. आता पाहा : ४ घरांची जी बाजू आडवी होती ती य-अक्षावर उभी राहिली. ३ घरांची जी बाजू उभी होती ती आडवी झाली आणि डावीकडे वळली. टोक (४, ३) वरून (−३, ४) वर आलं. नव्या रेषेचा चढ ४/(−३), म्हणजे −४/३.

पाव फेऱ्यात दोन गोष्टी घडल्या. आडवं ते उभं आणि उभं ते आडवं झालं, म्हणून अपूर्णांक उलटला. आणि उजवीकडचं माप किंवा वरचं माप यांपैकी एकाचीच दिशा फिरली, म्हणून चिन्ह बदललं. ३/४ ला −४/३ ने गुणलं की −१. कोणत्याही मापांचा त्रिकोण घ्या, हेच घडेल.

कागदाऐवजी बीजगणितानं पटवायचं असेल तर : आरंभबिंदूतून जाणाऱ्या दोन लंब रेषांचे चढ च आणि छ धरा. पहिलीवर (१, च) आणि दुसरीवर (१, छ) हे बिंदू येतात. आरंभबिंदूपाशी काटकोन आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयानुसार (१ + च²) + (१ + छ²) = (च − छ)². उजवी बाजू विस्तारली की च² आणि छ² दोन्हीकडून उडतात आणि २ = −२ × च × छ उरतं. म्हणजे च × छ = −१. या पायऱ्या उलट्या क्रमानंही चालतात, त्यामुळे गुणाकार −१ आला तर रेषा लंबच असतात. रेषा आरंभबिंदूतून जात नसतील तर त्यांना समांतर ठेवून सरकवा. चढ बदलत नाही, कोनही बदलत नाही.

आता अर्धा नियम गळला की काय होतं ते पाहा. फक्त चिन्ह बदललं तर ३/४ आणि −३/४ मिळतात. त्या दोन रेषा क्ष-अक्षाच्या आरशातली एकमेकींची प्रतिबिंबं आहेत, लंब नव्हेत. फक्त अपूर्णांक उलटा केला तर ३/४ आणि ४/३ मिळतात, आणि त्यांच्यातला कोन जेमतेम १६.२६ अंशांचा असतो. दोन्ही रेषा वर चढणाऱ्या असतील तर त्या लंब असूच शकत नाहीत, कारण दोघींचे क्ष-अक्षाशी होणारे कोन ० आणि ९० अंशांच्या मध्ये असतात आणि त्यांतला फरक ९० पर्यंत पोचत नाही. एक चढती असेल तर दुसरी उतरतीच हवी. आणखी एक : दिलेला चढ −५ असेल तर लंब रेषेचा चढ १/५. मूळ संख्या ऋण असल्यानं इथे चिन्ह धन होतं, तरी हात सवयीनं −१/५ लिहून जातो.

प्रश्न : संगणकावर य = २क्ष आणि य = −क्ष/२ यांचे आलेख काढले. गुणाकार −१ आहे, तरी पडद्यावर त्या तिरप्या दिसतात, काटकोन दिसत नाही. नियम चुकतो का?

उत्तर : नियम चुकत नाही, प्रमाण चुकतं. दोन्ही अक्षांवर १ एकक सारख्याच लांबीचं असेल तरच चित्रातला कोन खरा असतो. बरेच आलेख काढणारे प्रोग्राम उपलब्ध जागा भरून काढण्यासाठी अक्ष हवे तसे ताणतात किंवा दाबतात.

समजा, क्ष-अक्षावर १ सेंटीमीटर = १ एकक आणि य-अक्षावर १ सेंटीमीटर = २ एकक असं प्रमाण आहे. मग पडद्यावरची सगळी उंची निम्मी होते. २ चढ असलेली रेषा १ चढाची दिसते, म्हणजे ४५ अंशांवर. −१/२ चढाची रेषा −१/४ चढाची दिसते, म्हणजे क्ष-अक्षाखाली सुमारे १४ अंशांवर. दोघींमधला कोन ९० ऐवजी साधारण ५९ अंश भरतो. कोनमापक लावलात तर हेच सापडेल. उपाय सोपा आहे : दोन्ही अक्षांचं प्रमाण समान ठेवण्याची सोय शोधून ती चालू करा. हाती काढताना चौकोनी घरांचा कागद घेऊन दोन्हीकडे एकच प्रमाण घ्या.

समांतर रेषा मात्र प्रमाण कितीही बिघडलं तरी समांतरच दिसतात. दोघींचे चढ एकाच संख्येनं गुणले जातात, त्यामुळे समान असलेले समानच राहतात. लंबतेचं तसं नाही : दोन्ही चढ निम्मे झाले की गुणाकार पाव होतो. म्हणूनच आकृतीवरून ‘समांतर दिसतात’ असा अंदाज बऱ्यापैकी टिकतो, पण ‘काटकोन दिसतो’ यावर कधीही विसंबू नये.

प्रश्न : क्ष = ४ आणि य = −१ या रेषा उघडच लंब आहेत. मग गुणाकार −१ का येत नाही?

उत्तर : क्ष = ४ ही उभी रेषा आहे. तिच्यावरच्या कोणत्याही दोन बिंदूंमधला आडवा फरक शून्य, आणि शून्यानं भागता येत नाही. तिला चढच नाही. ‘चढ अनंत’ असं लिहून पुढे ० × अनंत = −१ असं जुळवू नका, त्याला काही अर्थ नाही. आडव्या रेषेचा चढ मात्र ० आहे. ‘चढ शून्य’ आणि ‘चढ नाही’ यांत गल्लत होऊ देऊ नका.

नियम पूर्ण शब्दांत असा आहे : दोन्ही रेषांना चढ असेल, तर त्या लंब असतात तेव्हा आणि तेव्हाच चढांचा गुणाकार −१ असतो. उभ्या रेषेसाठी वेगळं वाक्य लिहावं लागतं : उभी आणि आडवी रेषा परस्परांना लंब, आणि दोन वेगळ्या उभ्या रेषा परस्परांना समांतर.

दोन वाक्यं लक्षात ठेवायची नसतील तर भागाकार टाळणारी कसोटी वापरा. आम्हाला हीच जास्त भरवशाची वाटते. पहिल्या रेषेचे आडवा आणि उभा फरक घ्या, दुसऱ्या रेषेचेही घ्या. आडव्याला आडव्यानं गुणा, उभ्याला उभ्यानं गुणा. बेरीज ० आली तर रेषा लंब. समांतरसाठी तिरकस गुणा : पहिलीचा आडवा × दुसरीचा उभा आणि पहिलीचा उभा × दुसरीचा आडवा हे समान आले तर दिशा एकच. क्ष = ४ वर फरक (०, १) आणि य = −१ वर (१, ०). ० × १ + १ × ० = ०, म्हणून लंब. कुठेही शून्यानं भागावं लागलं नाही.

प्रश्न : ३क्ष − ६य = १० या रेषेचा चढ ३ का नाही?

उत्तर : क्षचा सहगुणक (क्षला गुणणारी संख्या) हा चढ असतो, पण तो य एकटा डावीकडे असताना. इथे ६य = ३क्ष − १०, म्हणून य = क्ष/२ − ५/३. चढ १/२. थेट काढायचा तर क्षचा सहगुणक भागिले यचा सहगुणक, आणि पुढे वजा : −३/(−६) = १/२.

फक्त समांतर की लंब एवढंच ठरवायचं असेल तर चढ काढण्याचीही गरज नाही. ३क्ष − ६य = १० आणि ४क्ष + २य = ७ घ्या. क्षचे सहगुणक गुणून १२, यचे सहगुणक गुणून −१२. बेरीज ०, म्हणजे रेषा लंब.

‘२क्ष + टय = ५ आणि ३क्ष − ४य = १ या रेषा लंब असतील तर ट किती’ अशा प्रश्नातही हेच : ६ − ४ट = ०, ट = ३/२. समांतर हव्या असतील तर २ × (−४) = ३ × ट, म्हणून ट = −८/३. शेवटी त्या एकच रेषा होत नाहीत ना, हे पाहून घ्या. इथे क्षच्या सहगुणकांचं गुणोत्तर २/३ आणि स्थिरपदांचं ५, म्हणून वेगळ्या.

प्रश्न : चार शिरोबिंदू दिले आहेत. चौरस सिद्ध करायला अंतराचं सूत्र वापरावंच लागतं का?

उत्तर : नाही. उदाहरणार्थ अ(−२, १), ब(२, ३), क(४, −१), ड(०, −३) हे क्रमानं शिरोबिंदू.

अब चा चढ २/४ = १/२. बक चा −४/२ = −२. कड चा −२/−४ = १/२. डअ चा ४/−२ = −२. समोरासमोरच्या बाजू समांतर आणि लगतच्या बाजूंचा गुणाकार −१, म्हणून आयत नक्की. इथे अनेक जण थांबतात आणि वर्गमुळांच्या मागे लागतात. त्याऐवजी कर्ण पाहा : अक चा चढ −२/६ = −१/३, बड चा −६/−२ = ३. गुणाकार −१, कर्ण लंब. ज्या आयताचे कर्ण परस्परांना लंब असतात तो चौरस. एकही वर्गमूळ काढावं लागलं नाही.

शिरोबिंदू क्रमानं दिले आहेत की नाहीत, हे आधी कच्च्या आकृतीत बघा. क्रम उलटसुलट असेल तर तुम्ही कर्णालाच बाजू समजून बसता आणि सगळे चढ बरोबर काढूनही निष्कर्ष चुकतो. दुसरं, फक्त समोरच्या बाजूंची एकच जोडी समांतर दाखवून समांतरभुज चौकोन म्हणू नका. समलंब चौकोनातही एक जोडी समांतर असते.

प्रश्न : य = २क्ष − ३ आणि य = २क्ष − ८ यांमधलं अंतर ५ आहे ना?

उत्तर : ५ हे उभं अंतर आहे. समांतर रेषांमधलं अंतर लंबावर मोजतात. पहिल्या रेषेला लंब अशी रेषा दुसरीवरच्या एखाद्या बिंदूतून काढू. दुसरीवर (६, ४) आहे, कारण २ × ६ − ८ = ४. लंबाचा चढ −१/२, म्हणून य − ४ = −(क्ष − ६)/२, म्हणजे य = −क्ष/२ + ७. हे २क्ष − ३ शी जुळवलं की ५क्ष/२ = १०, क्ष = ४, य = ५. लंबपाद (४, ५). (६, ४) पासून तिथवर आडवा फरक २, उभा १, अंतर √५, म्हणजे सुमारे २.२४. रेषा जितकी उभट, तितका उभ्या अंतराचा आणि खऱ्या अंतराचा फरक मोठा.

प्रश्न : स्प्रेडशीटमध्ये दोन चढ गुणून ‘−१ आहे का’ असं तपासतो. लंब असलेल्या रेषाही कधी कधी ‘नाही’ ठरतात.

उत्तर : दशांश अपूर्णांक हे कारण. ३/७ ला ०.४३ आणि −७/३ ला −२.३३ लिहिलं की गुणाकार −१.००१९ येतो. संगणक जास्त स्थळं धरतो, पण पूर्ण अचूक तोही नसतो. त्याच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत ०.१ सुद्धा नेमकं बसत नाही. निर्देशक पूर्णांक असतील तर भागाकार करूच नका, वर दिलेली ‘आडवा × आडवा + उभा × उभा’ ही बेरीज ० आहे का ते तपासा. पूर्णांकांत ती अचूक येते.

निर्देशक मोजमापातून आले असतील तर नेमकं शून्य कधीच मिळणार नाही, तेव्हा किती चूक चालेल ते ठरवावं लागतं. इथे चढांच्या गुणाकारावर मर्यादा लावणं धोक्याचं आहे. चढ १०० आणि −०.०१ असलेल्या रेषा लंब आहेत. दुसरा चढ −०.०२ झाला तर गुणाकार थेट −२ होतो, पण रेषा फिरली फक्त ०.५७ अंशांनी. मर्यादा कोनावरच लावावी.

त्यासाठी ती बेरीज दोन्ही रेषाखंडांच्या लांबीच्या गुणाकारानं भागा. समजा, एका कडेचे फरक मिलीमीटरमध्ये (४००, ३०२) आणि दुसरीचे (−२९९, ४०१) आले. बेरीज −१,१९,६०० + १,२१,१०२ = १,५०२. लांब्या सुमारे ५०१.२ आणि ५००.२. भागाकार सुमारे ०.००६. हा कोनाचा कोसाइन आहे, आणि त्यावरून कोन सुमारे ८९.६६ अंश. एका अंशापर्यंतची चूक चालत असेल तर हा भागाकार चिन्ह सोडून ०.०१७४ पर्यंत असला तरी चालतो.

प्रश्न : चढ दुप्पट म्हणजे कोन दुप्पट का? आणि १०० टक्के चढ म्हणजे सरळ उभी भिंत का?

उत्तर : दोन्हींना ‘नाही’. चढ १ म्हणजे ४५ अंश आणि चढ २ म्हणजे ६३.४३ अंश. १०० टक्के चढ म्हणजे १०० आडवं जाताना १०० वर, म्हणजे चढ १, ४५ अंश. १० टक्के चढाचा कोन फक्त ५.७१ अंश असतो.

प्रश्न : त्रिमितीत −१ चा नियम चालतो का?

उत्तर : नाही. अवकाशातल्या रेषेची दिशा सांगायला एक चढ पुरत नाही, तीन फरक लागतात. बेरजेची कसोटी मात्र तशीच पुढे जाते, फक्त तिसरं पद वाढतं. (१, २, २) आणि (२, १, −२) या दिशा घ्या : २ + २ − ४ = ०, म्हणून दिशा लंब. समांतर असण्यासाठी तिन्ही फरक एकाच प्रमाणात हवेत. एक सावधगिरी : प्रतलात दोन रेषा समांतर नसल्या तर कुठेतरी छेदतातच, अवकाशात तसं नाही. तिथे दोन रेषा समांतर नसूनही एकमेकींना न भेटता बाजूनं निघून जाऊ शकतात, त्यामुळे दिशा लंब आल्या तरी रेषा खरोखर छेदतात का हे वेगळं तपासावं लागतं.